मूठ पक्की, तर धंदा पक्का
सुऱ्या-कोयत्यांना इपॉक्सीने मुठी बसवण्याची योग्य पद्धत

पात्याच्या हत्याराशिवाय नंदुरबार जिल्ह्यात कोणाचेच काम चालत नाही. शहादा-तळोद्याच्या शिवारात ऊसतोडीला कोयता लागतो, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात घरोघरी विळा आणि कुऱ्हाड असते, नवापूर-नंदुरबारच्या बाजारपेठेत भाजीवाल्यापासून खाटकापर्यंत प्रत्येकाच्या हाताशी सुरी असते. ही हत्यारे घडवणारे लोहार आणि त्यांना धार लावणारे शिकलगार आजही आठवडे बाजारात बसतात. 'शिकलगार' हा शब्द मुळात अरबी-फारसीतला 'सैकलगर', म्हणजे पाते घासून उजळणारा. हे हुनर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

परंतु या कारागिरांच्या मालाविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते. पाते चांगले असते, धारही टिकते, पण मूठ सैल होते. गिऱ्हाईक मूठ हलली की पाते पाहत नाही, 'माल कच्चा' म्हणून मोकळे होते. मग तेच गिऱ्हाईक पुढच्या वेळी प्लॅस्टिकच्या मुठीची कारखान्यातली सुरी घेते. म्हणजे पोलादावर केलेली सगळी मेहनत लाकडाच्या दोन पट्ट्यांमुळे वाया जाते.

यावर उपाय म्हणून अनेक कारागीर आता इपॉक्सी वापरू लागले आहेत. बाजारात लोक त्याला सरसकट 'अ‍ॅराल्डाइट' म्हणतात. उपाय योग्य आहे, मात्र तो वापरण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी चुकते. इपॉक्सीची ताकद डबीत नसते. पृष्ठभागाची तयारी, अचूक माप आणि पुरेसा वेळ या तीन गोष्टींत ती असते. त्यापैकी एक जरी चुकली तरी महागडा डिंकही फुकट जातो.

जुनी पद्धत आणि नवा डिंक

पूर्वीपासून चालत आलेली पद्धत अशी : पात्याच्या मागच्या निमुळत्या टोकाला, म्हणजे शेपटीला, तापवून ती लाकडी मुठीत ठोकायची, भोकात वितळलेली लाख भरायची आणि मुठीच्या तोंडाला लोखंडी कडी बसवायची. ही पद्धत टाकाऊ नाही. विळ्या-कोयत्यांना ती आजही चालते. तिचे दोन दोष मात्र आहेत. लाख गरम झाली की मऊ पडते आणि थंडीत ठोका बसला की तडकते. दुसरे असे की, तापलेल्या शेपटीने लाकूड आतून जळते, त्याचा कोळसा होतो आणि काही महिन्यांत भोक मोठे होते.

इपॉक्सी हा दोन भागांचा डिंक आहे. एका भागात रेझिन असते, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही एकत्र आले की रासायनिक क्रिया सुरू होते आणि पातळ मिश्रणाचे कठीण घन पदार्थात रूपांतर होते. फेविकॉलसारखा पांढरा डिंक त्यातले पाणी उडून वाळतो, इपॉक्सी मात्र आपल्याच क्रियेने घट्ट होते. म्हणूनच पोलाद आणि लाकूड जोडायला ती योग्य ठरते, कारण पोलाद पाणी शोषत नाही. स्वित्झर्लंडमधील पिएर कास्तां या रसायनतज्ज्ञाने १९३०च्या दशकात यावर पेटंट घेतले. १९४०च्या दशकात 'अ‍ॅराल्डाइट' हे नाव बाजारात आले आणि धातू जोडण्यासाठी या डिंकाचा वापर वाढला. भारतात अ‍ॅराल्डाइटचा व्यवसाय २०२० साली पिडिलाइट कंपनीने विकत घेतला.

दुकानात मिळणाऱ्या इतर वस्तूंशी गल्लत करू नये. पांढरा डिंक पोलादाला धरत नाही. एका थेंबात चिकटणारा झटपट डिंक ठिसूळ असतो, ठोक्याने सुटतो. एम-सीलसारखी मळून वापरायची लांबी हीसुद्धा इपॉक्सीच आहे, पण ती भेगा आणि गळती बुजवण्यासाठी आहे, मुठीच्या पातळ सांध्यासाठी नाही. पाच मिनिटांत घट्ट होणारी इपॉक्सी घाईच्या कामाला सोयीची असली तरी उष्णता आणि पाणी सहन करण्यात ती सावकाश घट्ट होणाऱ्या इपॉक्सीपेक्षा कमी पडते. मुठीसाठी सावकाशवालीच घ्यावी.

डिंकाचे काम कोणते, रिव्हेटचे कोणते

इपॉक्सीचा सांधा सरळ ओढला किंवा एकमेकांवर सरकवला तर जबरदस्त ताकद दाखवतो. पण एका कडेने सोलल्यासारखा उचकटला तर लवकर सुटतो. सुरी जमिनीवर पडते किंवा कोयत्याचा घाव बसतो, तेव्हा मुठीच्या कडेवर असाच उचकटणारा जोर येतो. म्हणून मुठीत रिव्हेट हवेतच. रिव्हेटने झटका सोसायचा आणि डिंकाने पोलाद व लाकूड यांच्यातील फट बंद करायची, अशी ही वाटणी आहे. फट बंद राहिली की पाणी, मीठ, रक्त, भाजीचा रस आत जात नाही, आतून गंज चढत नाही. मूठ सैल होण्याचे मोठे कारण हा आतला गंजच असतो. तो फुगतो आणि लाकडाला बाहेर ढकलतो.

पोलादाची तयारी

आपल्याकडे बरीच पाती गाडीच्या जुन्या कमानीच्या पाट्यापासून बनतात. पोलादाला पाणी देण्यापूर्वीच मागच्या भागात रिव्हेटची भोके पाडून घ्यावीत. नंतर ड्रिल चालत नाही. रिव्हेटच्या भोकांशिवाय आणखी तीन-चार भोके पाडल्यास त्यांतून दोन्ही बाजूंचा डिंक एकमेकांना मिळतो आणि आत डिंकाचेच खिळे तयार होतात.

मुठीखालचा भाग कधीही चकचकीत ठेवू नये. ८० नंबरच्या एमरी पेपरने तो आडवा-उभा घासून खडबडीत करावा. पाणी देताना चढलेला काळा पापुद्रा पूर्ण काढावा, कारण डिंक पापुद्र्याला चिकटतो आणि पापुद्राच पोलादापासून सुटतो.

घासल्यानंतर तेलकटपणा काढायचा. येथे अनेकजण रॉकेलने किंवा पेट्रोलने पुसतात. रॉकेल स्वतःच तेलकट थर मागे सोडते. स्वच्छ पांढऱ्या कपड्यावर अ‍ॅसिटोन घेऊन पुसावे. ते न मिळाल्यास चांगल्या प्रतीचा थिनर चालेल. कपडा काळा यायचा थांबेपर्यंत दर वेळी नवीन भाग वापरून पुसावे. तपासणी सोपी आहे : पोलादावर पाण्याचे थेंब टाका. पाणी सलग पसरले तर पृष्ठभाग स्वच्छ, थेंब गोळा होऊन उभे राहिले तर तेल शिल्लक आहे. तपासणीनंतर पोलाद कोरडे करून पुन्हा एकदा अ‍ॅसिटोनने पुसावे आणि त्याला बोट लावू नये. बोटाच्या घामातही तेल असते.

लाकडाची निवड

साग, शिसव, खैर, बाभूळ ही मुठीला चालणारी लाकडे. लाकूड परवानाधारक वखारीतून किंवा सॉ-मिलमधून पावतीसह घ्यावे. फर्निचरच्या कारखान्यातील सागाचे उरलेले तुकडे स्वस्त पडतात. सातपुड्यातून विनापरवाना आलेले लाकूड स्वस्त वाटले तरी घेऊ नये. वनखात्याची एक कारवाई वर्षाची कमाई खाते.

लाकूड वाळलेले असणे सर्वांत महत्त्वाचे. पोलाद ओलाव्याने फुगत नाही, लाकूड रुंदीत फुगते आणि आकसते. पावसाळ्यात दमट लाकडाची मूठ बसवली तर मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात ती आकसते. लाकूड आत सरकते, पोलादाची कड वर येऊन हाताला लागते आणि डिंकावर ताण पडतो. ओलावा मोजायचे यंत्र नसले तरी हरकत नाही. चिरलेल्या पट्ट्या सावलीत, मधे फट ठेवून रचाव्यात आणि त्यांतल्या एकीचे वजन दर आठवड्याला करावे. दोन-तीन आठवडे वजन बदलले नाही, तर लाकूड वापरण्यास तयार आहे. म्हणून लाकूड उन्हाळ्यात चिरून ठेवावे आणि पावसाळ्यात डिंकाचे काम शक्यतो टाळावे.

साग आणि शिसव यांत नैसर्गिक तेल असते. त्यांचा आतला भाग ८० किंवा १२० नंबरच्या पेपरने घासून, डिंक लावण्याच्या थोडेच आधी अ‍ॅसिटोनने पुसावा. आदल्या दिवशी पुसून उपयोग नाही, तेल पुन्हा वर येते. पट्टी सपाट आहे की नाही हे काचेवर ठेवून पाहावे. तसेच पट्टीचे पुढचे टोक, म्हणजे पात्याकडचे, आधीच घासून पॉलिश करून घ्यावे. जोडल्यावर तिथे पेपर फिरवला तर पात्यावर ओरखडे येतात.

माप, मिश्रण आणि नंदुरबारचे ऊन

सर्वांत जास्त चुका मापात होतात. बाजारातील १८० ग्रॅमच्या नेहमीच्या पॅकमध्ये १०० ग्रॅम रेझिन आणि ८० ग्रॅम हार्डनर असते. याचा अर्थ आकारमानाने दोन्ही सारखे, पण वजनाने १०० ला ८०. चमच्याने घेत असाल तर समान घ्या. तराजूवर घेत असाल तर समान घेऊ नका, १० ग्रॅम रेझिनला ८ ग्रॅम हार्डनर घ्या. दुसऱ्या कंपनीच्या पॅकचे प्रमाण वेगळे असू शकते, म्हणून पॅकवरील सूचना वाचावी.

'हार्डनर जास्त टाकले की लवकर वाळते' हा समज साफ चुकीचा आहे. रेझिन आणि हार्डनर यांचे कण ठरावीक प्रमाणात एकमेकांशी जोडले जातात. जास्तीचा भाग जोडीदाराविना तसाच पडून राहतो आणि सांधा मऊ, चिवट राहतो. मिश्रण फरशीच्या तुकड्यावर घेऊन तीन मिनिटे सपाट काडीने ढवळावे, कडा पुन्हा पुन्हा मधे ओढाव्यात. रंग एकसारखा झाला, रेघा राहिल्या नाहीत, की मिश्रण तयार.

आपल्या जिल्ह्यात हवामानाचा विचार केल्याशिवाय हे काम होत नाही. ठोकताळा असा की, तापमान १० अंशांनी वाढले की इपॉक्सीचा वेळ जवळपास निम्म्यावर येतो. २५ अंशांवर दीड-दोन तास हाताळता येणारे मिश्रण ४५ अंशांच्या दुपारी अर्ध्या तासाच्या आतच घट्ट होऊ लागते. वाटीत जास्त मिश्रण केले तर ते स्वतःच्या उष्णतेनेही तापते. २०२५ साली बकरी ईद ७ जूनला होती. चांद्रवर्षामुळे ती दर वर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येते, म्हणजे पुढील काही वर्षे सुऱ्यांच्या मागणीचा हंगाम आणि ऐन उन्हाळा एकत्र येणार आहेत. या दिवसांत डिंकाचे काम पहाटे किंवा रात्री करावे, एका वेळी दोन-तीन मुठींपुरतेच मिश्रण करावे आणि ते वाटीऐवजी फरशीवर पातळ पसरून ठेवावे.

हिवाळ्यात उलटे घडते. सातपुड्यातील डाबसारख्या गावांत दव गोठल्याच्या बातम्या थंडीत येतात. अशा थंडीत इपॉक्सीची क्रिया जवळजवळ थांबते. सकाळी मूठ कडक लागली तरी आतून ती कच्चीच असते. तेथे काम घरात करावे आणि तुकडे दिवसा कोवळ्या उन्हात ठेवावेत.

जोडणी

दोन्ही पृष्ठभागांवर, म्हणजे पोलादावर आणि लाकडावरही, पातळ थर लावावा. भोके भरून घ्यावीत. रिव्हेटसाठी ४ किंवा ५ मिलिमीटरची पितळेची कांडी चांगली. कांडी कानशीने थोडी खडबडीत करून, डिंक लावून बसवावी. भोक कांडीपेक्षा किंचित मोठे असावे. घट्ट भोकात कांडी ठोकली की लाकूड चिरते.

क्लॅम्प हा दाब देण्यासाठी नसून पट्ट्या जागेवर धरून ठेवण्यासाठी आहे. सुतारकामाच्या सवयीने अनेकजण तो पूर्ण आवळतात. त्यामुळे सगळा डिंक बाहेर निघून जातो आणि सांधा उपाशी राहतो. चारी बाजूंनी डिंकाची बारीक रेघ बाहेर आली की आवळणे थांबवावे. पात्याकडे आलेला डिंक ओला असतानाच अ‍ॅसिटोनच्या कपड्याने पुसावा.

त्यानंतर २४ तास हात लावू नये. पूर्ण ताकद यायला साधारण तापमानात आठवडाभर लागतो. गिऱ्हाईक घाई करत असले तरी आज जोडलेली सुरी आज देऊ नये. मूठ मशीनवर घासताना रिव्हेटला बोट लावून पाहावे. चटका बसला तर लगेच थांबावे. सामान्य तापमानात घट्ट झालेली इपॉक्सी ६०-७० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि पितळेचा रिव्हेट उष्णता थेट आत नेतो. याच कारणाने गिऱ्हाइकालाही सांगावे की सुरी उकळत्या पाण्यात टाकू नये आणि उन्हात उभ्या गाडीच्या टपावर ठेवू नये.

ऊसतोडीच्या कोयत्यासाठी

जिल्ह्यातील हजारो आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर दक्षिण गुजरातेत आणि इतरत्र ऊसतोडीला जातात. ऊसतोडीच्या बोलीत नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात, इतके या हत्यारावर त्यांचे पोट अवलंबून आहे. फडात मूठ सुटली तर पाते उडून शेजारच्याला लागू शकते, आणि लागले नाही तरी त्या दिवसाची तोड बुडते. म्हणून कोयत्याची मूठ नुसत्या डिंकावर कधीही सोडू नये.

शेपटीला कानशीने दोन्ही बाजूंनी खाचा पाडाव्यात. मुठीचे भोक शेपटीपेक्षा चारी बाजूंनी साधारण एक मिलिमीटर मोठे, ड्रिलने पाडावे, जाळू नये. भोकात बारीक काडीने तळापासून डिंक भरत यावे म्हणजे हवा अडकत नाही. मग शेपटी सावकाश आत सारावी. मुठीतून शेपटीत आरपार जाणारा एक रिव्हेट आणि तोंडाला लोखंडी कडी, या दोन्ही गोष्टी कायम ठेवाव्यात. नव्या डिंकामुळे जुन्या कडीची गरज संपत नाही.

सांधा तुटला तर काय पाहावे

नवीन पॅक किंवा नवीन लाकूड घेतले की आधी नमुना करावा. पोलादाच्या तुकड्यावर लाकडाचा तुकडा रिव्हेटशिवाय चिकटवून आठवड्याने हातोडीने तोडावा आणि तुटलेली जागा नीट पाहावी.

पोलादावर लाकडाचे धागे चिकटून राहिले असतील, तर सांधा लाकडापेक्षा पक्का झाला, काम बरोबर आहे. पोलाद स्वच्छ, चकचकीत निघाले, तर घासणे किंवा तेल काढणे कमी पडले. लाकूड स्वच्छ निघाले, तर लाकूड ओले किंवा तेलकट होते. डिंकच मधून रबरासारखा ताणला गेला, तर माप किंवा ढवळणे चुकले. दोन्हीकडे डिंकाचा अगदी पुसट थर दिसला, तर क्लॅम्प जास्त आवळला गेला.

दुरुस्ती हाही धंदा

धार लावून मिळणाऱ्या पैशावर आज शिकलगाराचे घर चालणे कठीण आहे. त्याच गिऱ्हाइकाकडे मूठ सैल झालेल्या दोन-तीन सुऱ्या नक्की असतात. जुनी इपॉक्सीची मूठ काढायची असल्यास रिव्हेट ड्रिलने काढावा, मूठ दहा-पंधरा मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवावी आणि पट्टी पाचरीने सोडवावी. बर्नरची ज्योत लावू नये. ज्योतीने पात्याचे पाणी उतरते आणि जळणाऱ्या इपॉक्सीचा धूर छातीला घातक असतो.

खर्चाचा हिशेब असा. मध्यम सुरीच्या मुठीचा एक पृष्ठभाग ११ सेंटिमीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर रुंद धरला, तर दोन्ही बाजू मिळून ५५ चौरस सेंटिमीटर होतात. पाव मिलिमीटर थराला दीड ग्रॅमच्या आसपास डिंक लागतो. भोके, बाहेर येणारा आणि फरशीवर राहणारा भाग धरून ५ ग्रॅम मोजावेत. म्हणजे १८० ग्रॅमच्या पॅकमध्ये खराबी धरूनही ३० मुठी होतात. पॅकच्या किमतीला ३० ने भागा, त्यात अ‍ॅसिटोन, पेपर, पितळ, लाकूड आणि मुख्य म्हणजे आपली मजुरी मिळवा. डिंकाचा वाटा त्यात लहानच निघेल. म्हणून डिंकात काटकसर करण्यापेक्षा तयारीला अर्धा तास जास्त देणे अधिक फायद्याचे आहे.

आरोग्य आणि कायदा

हार्डनर वारंवार त्वचेला लागल्यास खाज आणि पुरळ येते आणि एकदा त्याची अ‍ॅलर्जी जडली की ती सहसा जात नाही. मग हे कामच सोडावे लागते. हातमोजे वापरावेत. डिंक लागलेला हात थिनरने धुऊ नये, कारण थिनर तो त्वचेत आणखी मुरवतो. साबण आणि पाणी वापरावे. अ‍ॅसिटोन लगेच पेट घेते, म्हणून भट्टीजवळ त्याचे काम करू नये. शिसव आणि सागाची भुकटी छातीत जाऊ नये यासाठी तोंडाला मास्क बांधावा. लहान मुलांना या कामाला बसवू नये.

कायद्याचीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शस्त्रविषयक नियमांनुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पाते घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले नसेल, तर ते परवान्याच्या कक्षेत येते. आपण घरकामाची आणि शेतीची हत्यारे बनवतो, तेव्हा ती तशीच दिसावीत आणि पावतीवर त्यांचा उपयोग लिहिलेला असावा. शोभेच्या नावाखाली कोणी खंजीर मागितला तर स्पष्ट नकार द्यावा.

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत किंवा गावच्या आठवडे बाजारात कारखान्याच्या स्वस्त सुरीशी किमतीत स्पर्धा करणे हातकारागिराला जमणार नाही. मुठीच्या हमीत मात्र तो तिला मागे टाकू शकतो. प्रत्येक हत्यारावर आपली खूण उमटवावी, वहीत तारीख लिहावी आणि एका वर्षात मूठ हलली तर फुकट बसवून देऊ असे सांगावे. ज्याने पोलाद घासले, माप धरले आणि आठवडाभर थांबला, त्याला ही हमी देताना भीती वाटण्याचे कारण नाही.